पोट लहान केल्यावर कोणती कणगी कधी रिकामी होते?

बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. लोहाचा काही महिने पुरतो. बी-१२ यकृतात एवढं साठलेलं असतं की मटण-मासे-अंडी खाणाऱ्या माणसाला ते दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त पुरतं. हाडांतलं कॅल्शियम तर वर्षानुवर्षं झिजत राहतं आणि हाड मोडेपर्यंत कळत नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीच्या तारखा पडतात त्या या कणग्यांच्या हिशेबानं. टाके सुकले, वजन उतरलं, साखरेच्या गोळ्या सुटल्या की दुसऱ्या वर्षी फाईल कपाटात जाते. बी-१२ची कणगी तळाला लागते ती साधारण याच सुमारास.

कोल्हापुरातले बरेच जण ही शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला करून येतात. सव्वादोनशे किलोमीटर पुणं पहिल्या वर्षी जमतं, तिसऱ्या वर्षी जमत नाही. त्यासाठी दर वेळी पुणं गाठायची गरजही नाही. रक्त इथल्या लॅबमध्ये देता येतं, रिपोर्ट फोनवरून सर्जनला पाठवता येतो आणि गोळ्यांचा हिशेब फॅमिली डॉक्टर ठेवू शकतात. फक्त त्यांना नेमकं काय पाहायचं हे माहीत हवं.

त्यासाठी आधी आपलं ऑपरेशन कोणतं हे समजून घ्यायला हवं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. पण आम्ल कमी होतं, बी-१२ पकडून ठेवणारं 'इंट्रिन्सिक फॅक्टर' हे प्रथिनही कमी होतं. बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः जिथं शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भाग अन्नाच्या वाटेतून बाहेर पडतो. मिनी बायपासमध्ये सहसा आतड्याचा आणखी लांब तुकडा वगळला जातो, म्हणून तिथं कमतरतेचा धोकाही जास्त. 'माझं तर नुसतं स्लीव्ह आहे, मला गोळ्या कशाला' हा समज मात्र चुकीचा आहे. गोळ्या तिथंही जन्मभर लागतात.

गोळ्या आणि पाकिटावरचा बारीक मजकूर

अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बॅरिअॅट्रिक सर्जरी या संघटनेनं दिलेले आकडे जगभर वापरले जातात. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडानं, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. कॅल्शियम रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम. व्हिटॅमिन डी रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅमच्या वर जाईपर्यंत. लोह पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम. थायमिन किमान १२, शक्यतो ५० मिलिग्रॅम. कुणाला किती हे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात, पण आपण घेतो ती गोळी या आकड्यांच्या जवळपास तरी आहे का हे रुग्णानं स्वतः पाहावं.

इथं पाकिटावरचा बारीक मजकूर वाचावा लागतो. 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम' असं मोठ्या अक्षरात असतं, पण त्यातलं खरं कॅल्शियम फक्त २१० मिलिग्रॅमच्या आसपास. बाकीचं वजन सायट्रेटचं. म्हणून 'एलिमेंटल कॅल्शियम' हा शब्द शोधायचा आणि त्याच्यापुढचा आकडा मोजायचा. मेडिकलमध्ये सहज मिळणारी गोळी बहुधा कार्बोनेटची असते. ती विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि या शस्त्रक्रियेनंतर तेच कमी झालेलं असतं. पित्ताची गोळी चालू असेल तर आणखीच कमी. म्हणून सायट्रेट मागून घ्यावी. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम घेऊन उपयोग होत नाही, म्हणून दिवसात दोन-तीन वेळा विभागून घ्यायचं.

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर ती एकमेकांच्या आड येतात. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. सरकारी दवाखान्यातून स्त्रियांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. रोज घेतली तर लोहाच्या बाजूनं ती पुरेशी आहे, पण तिच्यात बी-१२ नाही, आणि ही गोष्ट इथं फार महत्त्वाची आहे. नुसत्या फॉलिक अॅसिडनं हिमोग्लोबिन सुधारतं, रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसू लागतो आणि बी-१२अभावी नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. तळपायाला मुंग्या, चपला पायातून निसटल्या तरी न कळणं, अंधारात तोल जाणं इथपर्यंत वेळ आली की सगळं भरून येईलच याची खात्री देता येत नाही. वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्यांची ही कणगी मुळातच अर्धी असते. त्यांनी दोन वर्षांची वाट पाहू नये.

केस गळतात, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. वजन झपाट्यानं उतरल्याचा तो परिणाम असतो आणि प्रथिनं-लोह नीट असेल तर केस पुन्हा येतात. घाबरून झिंकच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाणं मात्र घातक आहे. जास्त झिंक तांबं शोषू देत नाही आणि तांब्याची कमतरता हुबेहूब बी-१२च्या कमतरतेसारखी दिसते: रक्त कमी, पाय लटपटणारे. बी-१२ भरपूर देऊनही चाल सुधारत नसेल तर तांबं तपासायला सांगा.

रिपोर्ट कधी काढायचे, कसे वाचायचे

पहिल्या वर्षी १, ३, ६ आणि १२व्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, आणि पुढं दरवर्षी एकदा, कायम. वार्षिक तपासणीत हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फॉलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हॉर्मोन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), लिव्हर-किडनीच्या तपासण्या आणि तीन महिन्यांची सरासरी साखर हवी. बायपासवाल्यांनी झिंक, तांबं आणि व्हिटॅमिन एही बघावं.

यात पैसे वाचवायला पॅराथायरॉइड हॉर्मोनची तपासणी वगळली जाते आणि नुसतं कॅल्शियम बघितलं जातं. ते जवळजवळ नेहमीच नॉर्मल येतं, कारण रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की शरीर हाडं फोडून ते भरून काढतं. घरातलं सोनं मोडून महिन्याचा खर्च भागवावा, तसं. ही मोड चालू आहे का, हे पॅराथायरॉइड हॉर्मोन वाढलेलं दिसलं की समजतं. हाडांची घनता दोन वर्षांनी एकदा मोजावी, पाळी थांबलेल्या स्त्रियांनी तर नक्कीच.

उलट्या आणि सलाईन

पहिल्या काही महिन्यांत घास नीट न चावल्यानं किंवा घाईनं खाल्ल्यानं एखादी उलटी होते. ती वेगळी. पण रोज उलट्या, पाणीही टिकत नाही, असं आठवडाभर चाललं की नळी अरुंद झाली आहे का ते दुर्बिणीनं बघायला हवं, आणि त्याच दिवशी थायमिन सुरू करायला हवं. होतं काय, की अशक्तपणा आला म्हणून माणूस जवळच्या दवाखान्यात जातो आणि ग्लुकोजचं सलाईन लागतं. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं थायमिन त्यात खर्च होतं आणि मेंदूवर आघात होतो. एकाच्या जागी दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी किमान १०० मिलिग्रॅम थायमिन शिरेतून, मगच ग्लुकोज. लक्षणं दिसत असतील तर डोस याच्या कितीतरी पट आणि दिवसातून तीनदा लागतो, तोही रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं: 'ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी बी-१ द्या.'

कडक उपवासही याच कारणानं पहिली दोन वर्षं टाळावेत. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर किंवा साबुदाण्यावर काढले तर पाणी किंवा पिष्ट याशिवाय पोटात काही जात नाही. करायचाच असेल तर दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा ठेवा आणि गोळ्या चालू ठेवा. औषधानं उपवास मोडत नाही, असं आपल्याकडं मानतातच.

ताटात आधी काय

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि जठर छोटं असताना ती आपोआप मिळत नाहीत. हिशेब असा: दोन अंडी १२ ग्रॅम, म्हशीचं एक पेला दूध ७-८, घट्ट वरणाची वाटी ६-७, पन्नास ग्रॅम पनीर ९-१०, शिजलेलं पाऊणशे ग्रॅम चिकन किंवा मासा १८-२०, छोटी वाटी दही ३-४. एवढं झालं की साठाच्या आसपास पोचतो. मांसाहार नसेल तर सोयाबीन आणि फुटाणे वाढवावे लागतात, बहुतेकांना प्रोटीन पावडरही.

तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या ताटात आधी मटणाच्या फोडी खायच्या, बारीक चावून. खिमा जास्त सोपा जातो. प्रथिनं फोडीत असतात. रश्शात आहे ते नारळाचं दूध, तेल आणि चव. पातळ रस्सा वाटीमागून वाटी जातो, पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि वजन परत वाढण्याची वाट हीच. पाणी जेवताना नको, जेवणानंतर अर्ध्या तासानं घोट घोट. दिवसभरात दीड-दोन लिटर मात्र जायलाच हवं, नाहीतर मुतखडा होतो.

बायपासनंतर उसाचा रस, काकवी, गूळ यांच्याशी जपून. गूळ नैसर्गिक असला तरी आतड्याच्या दृष्टीनं ती साखरच. एकदम खूप साखर आतड्यात उतरली की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, अंग गळून जाणं, असं होतं. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर ७०च्या खाली घसरते. तेव्हा ग्लुकोमीटरनं मोजून थोडी साखर घ्यावी आणि लगेच अंडं किंवा पनीर खावं. नुसती साखर घेतली तर तासाभरात पुन्हा तेच. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं मोठा पेलाभर दूधही काहींना बायपासनंतर सोसत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात. दही-ताक मग बरं.

अंगदुखीची गोळी

वजन उतरल्यावरही गुडघे दुखतात आणि मेडिकलमधून गोळी येते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या बायपासच्या जोडाजवळ अल्सर करतात, तो फुटूही शकतो. इंजेक्शन घेतलं तरी धोका टळत नाही, कारण जठराचं संरक्षक अस्तर या औषधांनी रक्तातूनही दुबळं होतं. पॅरासिटामॉल चालतं, पण दोन औषधं मिसळलेल्या गोळ्यांच्या नावात ते असलं तरी दुसरं कोणतं आहे ते वाचा. हृदयासाठीची अॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. अल्सरचं दुसरं मोठं कारण धूम्रपान. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि ते मशेरीतही असतं. घरातल्या आजी-काकू मशेरीला व्यसन म्हणत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारूनही ते सांगितलं जात नाही. सांगावं.

वजन थोडं वाढलं तर

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के कमी झालं होतं, दहा वर्षांनी १७ टक्के, वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे तळ गाठल्यावर थोडं वर येणं हा शरीराचा धर्म आहे. लाजेनं तपासणी टाळण्याचं ते कारण नव्हे. त्याच अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्क्यांचा मधुमेह गेला होता, पंधरा वर्षांनी तो ३० टक्क्यांतच गेलेला राहिला. म्हणून गोळ्या सुटल्या तरी वर्षाला एकदा साखर आणि डोळ्यांचा पडदा तपासायचाच. स्लीव्हनंतर जळजळ वाढली असेल तर वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाण्याऐवजी दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

दिवस राहिले तर

शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवू नये, तांबी बरी. गरोदरपणात आपल्याकडं सरसकट ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर बघतात. बायपास झालेल्या बाईला त्यानं जोराचा डम्पिंगचा त्रास होतो आणि आकडाही भरवशाचा येत नाही. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरी ग्लुकोमीटरनं उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर मोजावी. आशाताईंना आणि नर्सबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

गरोदर असो वा नसो, बायपासनंतर पोटात अचानक कळ येऊन ती थांबत नसेल तर पित्त समजून घरी बसू नका. वजन उतरल्यावर आतड्याच्या पडद्यांतल्या फटी मोठ्या होतात आणि त्यात आतडं अडकून पिळलं जाऊ शकतं, ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही. साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, सीटी स्कॅन लागतो, आणि काही वेळा तोही चुकतो. अशा वेळी रात्रपाळीच्या डॉक्टरला तुमच्या पोटाची रचना माहीत नसते. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबतची ऑपरेशन नोट मागून घ्या आणि तिचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. त्यात तारीख, ऑपरेशनचा प्रकार, किती सेंटिमीटर आतडं वगळलं, फटी शिवून बंद केल्या की नाही, आणि सर्जनचा नंबर एवढं वाचता येईल असं हवं.