आरएसव्ही : सहा दशके रखडलेल्या लसीची पार्श्वभूमी

पावसाळ्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील रुग्णालयांच्या बालरोग विभागांत धाप लागलेल्या तान्ह्या बाळांची संख्या वाढू लागते. या आजारामागे अनेक विषाणू असू शकतात. मात्र पहिल्या काही महिन्यांतील बाळांच्या बाबतीत त्यांपैकी सर्वांत मोठा वाटा रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजेच आरएसव्ही, या विषाणूचा असतो. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला त्याची लागण एकदा तरी होते आणि पुढे आयुष्यभर ती पुन्हा पुन्हा होत राहते. धडधाकट मोठ्या माणसाला तो साध्या सर्दीपलीकडे त्रास देत नाही, त्यामुळे त्याचे नावही फारसे कोणाला ठाऊक नसते. इतक्या सर्वव्यापी विषाणूचा शोध १९५० च्या दशकात लागला आणि त्याच्यावरील पहिल्या लसीला मात्र २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मधल्या काळात शास्त्रज्ञ स्वस्थ बसले होते असे नाही. एका प्रयत्नाला आलेल्या भीषण अपयशामुळे सगळेच काम खोळंबले होते.

या विषाणूची पहिली ओळख माणसात नव्हे, तर चिंपांझींमध्ये झाली. १९५५ मध्ये वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतील चिंपांझींना शिंका आणि नाक गळण्याचा त्रास सुरू झाला, त्यांच्या संपर्कात काम करणारी एक व्यक्तीही आजारी पडली आणि तपासणीत एक नवा विषाणू हाती लागला. १९५६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला चिंपांझींच्या सर्दीचा विषाणू असेच म्हटले गेले. लगेच पुढच्या वर्षी डॉ. रॉबर्ट चॅनॉक यांनी बाल्टिमोरमधील श्वसनविकाराने आजारी असलेल्या दोन बालकांमध्ये तोच विषाणू दाखवून दिला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना तो एकमेकींत मिसळवून त्यांचा एकच मोठा पुंजका, म्हणजे सिन्सिशियम, बनवतो, म्हणून त्याला आजचे नाव मिळाले. चिंपांझींना ही लागण बहुधा माणसांकडूनच झाली असावी, हेही यथावकाश स्पष्ट झाले.

बाळांनाच तो इतका का छळतो, याचे उत्तर शरीररचनेत आहे. फुप्फुसाकडे जाणाऱ्या सर्वांत बारीक श्वासनलिकांच्या अस्तराला विषाणू सूज आणतो, मृत पेशी आणि चिकट स्राव तेथे साचतो आणि मुळातच अतिशय अरुंद असलेल्या त्या नळ्या बंद होऊ लागतात. यालाच ब्राँकिओलायटिस म्हणतात. अपुऱ्या दिवसांची बाळे, जन्मजात हृदयदोष किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेली मुले यांना धोका अधिक असतो. मात्र रुग्णालयात दाखल होणारी बहुसंख्य बाळे पूर्ण दिवसांची आणि त्याआधी निरोगी असतात. प्रतिजैविकांचा या विषाणूवर काहीही परिणाम होत नाही, आणि ऑक्सिजन, द्रवपदार्थ व दूध पोटात जात राहील याची काळजी एवढाच उपचाराचा गाभा आजही आहे.

लसीचा पहिला प्रयत्न १९६६-६७ मध्ये अमेरिकेत झाला. फॉर्मेलिन या रसायनाने निष्क्रिय केलेला विषाणू टोचायचा, ही पोलिओच्या लसीत यशस्वी ठरलेली पद्धत येथे वापरण्यात आली. हंगाम आला तेव्हा लस घेतलेल्या बाळांना लागण झालीच, आणि आजार सौम्य होण्याऐवजी अधिक तीव्र झाला. सर्वांत लहान वयोगटात लस घेऊनही लागण झालेल्या २० बाळांपैकी १६ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि दोघे दगावले; तुलनेसाठी घेतलेल्या गटात लागण झालेल्या २१ पैकी एकालाच दाखल करावे लागले होते. या आकड्यांची दहशत पुढच्या पिढ्यांतील संशोधकांवर राहिली, आणि ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही. निरोगी बाळाला टोचलेली लसच जर आजार वाढवणार असेल, तर तिचे कारण उलगडेपर्यंत दुसरी लस टोचण्याचा धोका कोणी पत्करावा?

या खोळंब्याच्या काळात झालेले एक काम माझ्या मते लसीच्या कथेइतकेच महत्त्वाचे आहे, पण त्याचा उल्लेख क्वचितच होतो. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे डॉ. कॅरोलाइन ब्रीस हॉल यांनी हा विषाणू पसरतो कसा, याचा अत्यंत साध्या रीतीने छडा लावला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आजारी बाळाला कुशीत घेऊन त्याची सेवा केली. दुसऱ्याने बाळ नसताना त्याच्या पाळण्याला आणि आसपासच्या वस्तूंना हात लावून तोच हात नाका-डोळ्यांना लावला. तिसरा गट बाळापासून सहा फुटांहून अधिक अंतरावर नुसता बसून राहिला. पहिल्या गटातील सातपैकी पाच आणि दुसऱ्यातील दहापैकी चार जणांना लागण झाली, तर तिसऱ्या गटातील चौदांपैकी एकालाही झाली नाही. म्हणजे हा विषाणू मुख्यतः निकटच्या संपर्कातून आणि हातांवाटे पसरतो. रुग्णालयातच एका बाळाकडून दुसऱ्याला होणारी लागण रोखण्याचे नियम अशा निरीक्षणांवर उभे राहिले.

औषधांच्या बाजूने पहिले ठोस यश १९९८ मध्ये पॅलिव्हिझुमॅब या तयार प्रतिपिंडाच्या, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनाच्या, रूपाने मिळाले. अधिक धोका असलेल्या बाळांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्याने निम्म्याहून अधिक घटवले. परंतु हंगामभर दर महिन्याला इंजेक्शन द्यावे लागे आणि किंमत अशी होती की, श्रीमंत देशांनीही ते निवडक बाळांपुरतेच राखून ठेवले. दरम्यान, २००५ मध्ये रॉचेस्टरच्याच संशोधकांनी दाखवून दिले की, वृद्धांमध्ये आणि हृदय-फुप्फुसाचे जुने विकार असलेल्या प्रौढांमध्ये या विषाणूचा भार फ्लूच्या तोडीचा आहे. तोपर्यंत हा केवळ बाळांचा आजार समजला जात असे.

लसीची कोंडी २०१३ मध्ये फुटली. पेशीत शिरण्यासाठी विषाणू ज्या एफ प्रथिनाचा वापर करतो, ते प्रथिन पेशीला चिकटण्यापूर्वी एका आकारात असते आणि नंतर झटकन आकार पालटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने मूळ आकाराची रचना उलगडली आणि तो आकार स्थिर ठेवण्याची युक्तीही शोधली. साठच्या दशकातील लसीत प्रामुख्याने पालटलेल्या आकाराचे प्रथिन होते, त्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला रोखण्यास दुबळी ठरली आणि उलट फुप्फुसातील दाह वाढला, असे आता मानले जाते. प्रथिनाला मूळ आकारात जखडण्याचा हाच विचार पुढे कोविडच्या अनेक लसींत कामी आला.

त्यानंतर मात्र दशकभरात सारे जुळून आले. मे २०२३ मध्ये अमेरिकेत साठीपुढील व्यक्तींसाठी दोन लसींना मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांपैकी एक लस गर्भवतींनाही देण्यास परवानगी मिळाली. आईला टोचलेल्या लसीची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला कवच देतात. दुसऱ्या एका कंपनीने गर्भवतींसाठीच्या लसीची चाचणी अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण वाढलेले दिसल्याने २०२२ मध्येच थांबवली होती. म्हणून अमेरिकेत परवानगी मिळालेली लस गरोदरपणाच्या ३२ ते ३६ आठवडे या काळातच दिली जाते. निर्सेव्हिमॅब हे एकदाच द्यावे लागणारे प्रतिपिंड थेट बाळासाठी आहे. स्पेनमधील गॅलिसिया प्रांताने २०२३ च्या हंगामात ते सरसकट सर्व बाळांना दिले आणि आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी घटले.

ही साधने जेथे सर्वाधिक हवीत, तेथे ती अद्याप पोहोचलेली नाहीत. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले या विषाणूमुळे दगावल्याचा अंदाज असून त्यांपैकी ९७ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आहेत. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आदिवासी गावांत घरोघर जाऊन केलेल्या अभ्यासाला म्हणूनच वेगळे मोल आहे, कारण रुग्णालयापर्यंत न पोहोचलेली बाळे केवळ रुग्णालयाच्या नोंदवहीतून कधीच मोजली जात नाहीत. त्याच भागात धाप लागलेल्या किंवा पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटाला चटके देण्याची घातक प्रथा अजूनही अधूनमधून बातम्यांत येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावातील कार्यकर्त्यांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याने कमी करून दाखवले. तेथे वापरलेले प्रतिजैविक आरएसव्हीवर चालणारे नव्हे. श्वास मोजण्याची रीत मात्र दोन्ही आजारांत तितकीच उपयोगी आहे.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आरएसव्हीवरील लस किंवा प्रतिपिंड नाही. त्यामुळे घरातील संरक्षणाची भिस्त हॉल यांनी दाखवलेल्या गोष्टींवरच राहते : बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे, सर्दी झालेल्या पाहुण्यांनी बारशालासुद्धा बाळाला जवळ न घेणे व त्याचे मुके न घेणे, आणि शाळेतून सर्दी घेऊन येणाऱ्या थोरल्या भावंडाला काही दिवस दूर ठेवणे. त्याच्या जोडीला स्तनपान आणि बाळाला चुलीच्या व विडी-सिगारेटच्या धुरापासून लांब ठेवणे महत्त्वाचे आहे. दमा किंवा हृदयविकार असलेल्या आजी-आजोबांनाही हीच काळजी लागू पडते. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक झाले, श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओठ निळसर दिसू लागले किंवा श्वास मध्येच थांबू लागला, तर क्षणाचाही विलंब नको. साध्या सर्दीने सुरू झालेला हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक बळावतो, त्यामुळे पहिल्या दिवशी बरे वाटणारे बाळ नंतर खालावू शकते.