नवा डॅक ऐकायला येताय? आधी दोन्हींचा आवाज सारखा करू

टेबलावरचा नवा डॅक दुकानात मांडून महिना झाला. तेव्हापासून रोज तोच प्रश्न: "फोनच्या साध्या डोंगलपेक्षा फरक पडतो का हो?" सांगून सांगून घसा बसला, म्हणून हा कागद छापला. मॉडेलचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. चार महिन्यांनी काचेमागे दुसरा डबा असेल, प्रश्न मात्र हाच राहील, आणि कागद पुन्हा छापायचा म्हणजे पैसे पडतात.

डॅक म्हणजे फोनमधल्या आकड्यांच्या गाण्याचा हेडफोनला वाजवता येईल असा विजेचा सूर करणारी वस्तू. आमच्याकडच्या या डब्यात हेडफोन चालवणारा अँपही (अँप्लिफायर) आहे, आणि ऐकणाऱ्याला जो फरक जाणवतो त्यातला बराचसा या अँपचा असतो. डॅकची चिप त्या मानाने बिचारी गप्प काम करते.

आता ती चूक, जिच्यामुळे तुमचा आणि आमचाही वेळ जातो.

मागच्या पंधरवड्यात एक सर आले. फोनला हेडफोन जोडणाऱ्या बोटभर डोंगलवर एक बंदिश ऐकली, मग तीच आमच्या डब्यावर. दहा सेकंदांत मान डोलायला लागली. "डग्गा बघा की, कसा घुमतोय!" पैसे दिले, डबा घेऊन गेले. चौथ्या दिवशी पिशवीसकट परत. "घरी तसं वाजत नाही हो."

डबा तोच, हेडफोन तोच, बंदिशही तीच. मग मल्टिमीटर काढला. १०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला आणि हेडफोनच्या पिनेवर टोकं टेकवली. (१०० चा सूर अशासाठी, की साधा मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो, सूर फार वर नेला की त्याच्या आकड्यावर भरवसा राहत नाही.) डोंगलवर ०.२० व्होल्ट आले. डब्याचं बटण त्या दिवशी होतं तिथं ठेवलं, तर ०.३१. म्हणजे जवळपास पावणेचार डेसिबलचा फरक. सरांनी त्या दिवशी चांगला आणि वाईट आवाज ऐकलाच नव्हता. मोठा आणि लहान आवाज ऐकला होता.

गंमत अशी, की एखाद-दुसरा डेसिबल वाढला तर कानाला तो "मोठा" वाटत नाही. तो "स्वच्छ" वाटतो, "मोकळा" वाटतो, "डग्गा भरला" असा वाटतो. आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. सर घरी रात्री ऐकत होते, मंडळी झोपलेली, बटण खाली. डग्गा जाणारच! एक चादर उन्हात आणि दुसरी ट्यूबलाइटखाली बघून रंग ठरवावा, त्यातला प्रकार. चादर घेताना सोलापूरचा माणूस असं कधी करत नाही, हेडफोनच्या बाबतीत मात्र हमखास करतो.

मग डब्याचं बटण मागे घेऊन तिथंही ०.२० आणले. आमच्या पोराने काउंटरमागे पिना बदलायच्या आणि सरांनी ओळखायचं. सहाव्या खेपेला त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "आता कुठलं चालू आहे, तुम्हीच सांगा." त्यांचा हेडफोन होता ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, ३८ ओहमचा. (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जास्त, तर तेवढ्याच व्होल्टात ताकद कमी मिळते.) त्याला डोंगल पुरतं. सरांना पैसे परत दिले. त्याच पैशांत त्यांनी उघड्या पाठीचा (कपाला मागून जाळी असलेला) हेडफोन नेला, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

म्हणजे डॅक घेऊ नका असं नाही. कोणत्या हेडफोनवर घ्यायचा ते बघा. महिनाभर आम्ही आवाज सारखा करून जे ऐकलं, ते असं:

सेनहायझर एचडी ६०० वर फरक सरळ दिसला. हा हेडफोन ३०० ओहमचा. डोंगल साधारण एक व्होल्ट देतं असं धरलं, तर त्याला जेमतेम सव्वातीन मिलिवॉट मिळतात. ३२ ओहमच्या हेडफोनला त्याच एका व्होल्टात ३१ मिळतात. फिल्मी गाणं त्यावरही निभतं, कारण ते आधीच चढ्या आवाजात भरलेलं असतं. ख्यालाचं जुनं, हळू भरलेलं रेकॉर्डिंग लावलं की डोंगल टोकाला जाऊनही विलंबितातला षड्ज लांबूनच येतो. आमच्या डब्यावर बटण अर्ध्याच्या आत राहिलं, आणि तानपुऱ्याची जवारी शेवटपर्यंत विरत जाताना ऐकू आली. हा हेडफोन असेल तर डबा घ्या, आम्ही दुसरं काही सांगणार नाही.

हायफायमॅनचा सुंदरा ३७ ओहमचा, पण आकड्यावर जाऊ नका. प्लॅनर आहे, म्हणजे आत सपाट पातळ पडदा हलतो, आणि तो वीज मागतो. मध्यम आवाजात डोंगल आणि डबा सारखेच वाटले. आवाज चढवला तेव्हा डोंगल आवळलं, डबा नाही.

बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ८० ओहमचा ऐकला. त्याचे "स" आणि "श" टोचतात, ते डब्यावरही टोचले. हेडफोनचा स्वभाव डॅकने बदलत नाही. त्यासाठी खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा इक्वलायझर आहे, तो फुकट आहे आणि लावून कसा घ्यायचा ते आम्ही दाखवतो.

कानात घालायचे इयरफोन लावणार असाल तर गेनचा (अँपने आवाज किती वाढवायचा त्याचा) खटका खालच्या खुणेवर ठेवा. वरच्या खुणेवर गाणं थांबलं की "सूं" असा बारीक आवाज येतो. तो बिघाड नाही.

काही जण चिपचं नाव विचारतात. विचारा, सांगू. पण जपानच्या नोबेओकातला, डॅकच्या चिपा बनवणाऱ्या एकेएम कंपनीचा कारखाना ऑक्टोबर २०२० मध्ये आगीत सापडला, तेव्हा कित्येक कंपन्यांना दुसऱ्या कंपनीच्या चिपा घालून डबे नव्याने आखावे लागले. तरी लोक ते डबे आनंदाने ऐकतायतच. सेटिंगमध्ये ३८४ किलोहर्ट्झ लावल्याने सीडीचं गाणं सुधारत नाही, हेही ओघात सांगून टाकतो. ते ४४.१ चंच आहे, म्हणजे सेकंदाला तेवढे हजार नमुने घेऊनच भरलेलं.

ब्लूटूथ हेडफोन या डॅकला वायरशिवाय जोडता येत नाही. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा डॅक असतो. आणि "डबा बंद पडला" म्हणून फोन करण्याआधी केबल बदलून बघा; काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून गाणं जात नाही. डब्यासोबत आलेली केबल फोनच्या चार्जरला लावू नका, ती तिथंच हरवते.

ऐकायला आधी वेळ घ्यावी लागते आणि मल्टिमीटर लावल्याशिवाय आम्ही दोन वस्तू शेजारी ऐकवत नाही, याचा काहींना राग येतो. "दुकानदार की मास्तर?" असंही एकाने विचारलं. पण तसं न करता विकलेला डबा चौथ्या दिवशी परत येतो, आणि फोडलेलं खोकं पुढच्या गिऱ्हाइकाला नव्याच्या भावात देता येत नाही. घरी नेऊन ऐकायचं असेल तर अनामत ठेवा आणि तीन दिवस न्या. घेतलंत तर ती बिलात वळती होते.

येताना स्वतःचा हेडफोन, स्वतःचा फोन आणि शंभरदा ऐकलेली दोन गाणी आणा. नव्या गाण्यावर काही ठरत नाही. दुपारी दोन ते चार बरं, तेव्हा रस्ता जरा शांत असतो आणि उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये रिक्षांचे हॉर्न शिरत नाहीत. आदल्या रात्री मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभे राहिला असाल तर एक दिवस थांबून या, कान बधिर झालेले असतात. आणि गाणी फोनमध्ये उतरवूनच आणा. आमचं वायफाय दुपारी आमच्यासारखंच पेंगतं.