सिक्लिड माशांची आक्रमकता : घरगुती टाकीतील व्यवस्थापन

सिक्लिड हे मुख्यतः गोड्या पाण्यातील माशांचे मोठे कुळ. यातील बहुतेक जाती जागेसाठी, मादीसाठी आणि पिलांसाठी भांडतात. ऑस्कर, कन्व्हिक्ट, एंजल, फ्लॉवरहॉर्न आणि आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातील रंगीत म्बुना हे शौकिनांकडचे नेहमीचे सिक्लिड. विदर्भातल्या तलाव-धरणांत जाळ्यात येणारी चिलापीही याच कुळातली. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. तिचा नर तळाच्या गाळात खड्डा करतो आणि दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. तलावात हरलेला नर निघून जातो. चार फुटांच्या काचेत त्याला जायला जागाच नसते. त्यामुळे ही खोड मोडण्याच्या फंदात न पडता मार अनेकांत वाटला जाईल आणि एकमेकांची नजर अडेल, एवढेच पाहावे.

भांडणाला पायऱ्या असतात. आधी दोघे आडवे उभे राहून पर फुलवतात, कल्ले फुगवतात. मग तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली. इथवर हात घालू नये. हरलेला मासा पर मिटून फिल्टरच्या नळीमागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून राहू लागला, शेपटी झिरमिळ्या झाली, की त्याच दिवशी हालचाल करावी. बहुतेक जण मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. मग दांडगा दुसरा गिऱ्हाईक शोधतो. त्यापेक्षा दांडग्यालाच काही दिवस वेगळ्या टबात ठेवून, टाकीतले दगड हलवून मग परत सोडणे बरे. त्याची जुनी हद्द तोवर मोडलेली असते. नवे मासेही असेच, दगडांची मांडणी बदलून आणि दिवा मालवल्यावर सोडावेत.

आडोशासाठी दुकानातल्या प्लास्टिकच्या गुहांवर पैसे घालवायची गरज नाही. खेड्यात घर शाकारल्यावर उरलेली कवेलू, फुटक्या माठाची खापरे आणि शेताच्या बांधावरचा काळा दगड पुरतो. फक्त रंग, तेल किंवा फवारणीच्या औषधाचा संपर्क आलेली वस्तू टाकीत नको. हे मासे वाळू उकरतात, म्हणून दगड आधी थेट तळावर घट्ट बसवून मग वाळू घालावी. नाहीतर रचलेला ढीग कोसळून काच जाते. वणी-राजुरा भागातला चुनखडीचा दगड पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, करतो. म्बुनांना तो चालतो, मऊ पाण्यातल्या डिस्कस या सिक्लिडला नाही.

म्बुनांची टाकी मुद्दाम थोडी दाट भरतात, म्हणजे कुणा एकावरच रोख राहत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात. एका जातीचे दोनच नर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. गर्दीमुळे घाण वाढते, तेव्हा फिल्टर दमदार हवा आणि आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलायला हवे. दिसायला सारख्या, एकाच रंगाच्या जाती एकत्र टाळाव्यात. खाणे टाकीच्या दोन टोकांना टाकावे. ही दाटी ऑस्करसारख्या फूटभर वाढणाऱ्या अमेरिकन माशांना मात्र लागू नाही, आणि फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवावा. कन्व्हिक्टची जोडी जमून अंडी घातली की बाकीचे मासे एका कोपऱ्यात कोंबले जातात. तेव्हा मध्ये जाळी लावणे हाच उपाय.

विदर्भातल्या बऱ्याच गावांत बोअरचे पाणी जड असते. मालावी आणि टांगानिका सरोवरांतल्या माशांना ते मानवते, रॅम या मऊ पाण्यातल्या छोट्या सिक्लिडला नाही. उन्हाळा मात्र सगळ्यांनाच जड जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की टाकीतले पाणीही तापते, माशांची भूक आणि चिडचिड वाढते, उलट पाण्यातला प्राणवायू घटतो. टाकी खिडकीपासून दूर, भिंतीच्या सावलीत ठेवावी. झाकण काढून वर जाळी टाकावी आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बर्फ ओतू नये, एकदम गारवा माशांना सोसत नाही. वाऱ्याने पाणी आटते, पण क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत गेल्यास जड पाणी आणखी जड होते, म्हणून भर घालण्याबरोबर जुने पाणी काढत राहावे. वीज गेल्यावर बॅटरीवरचा हवेचा पंप लगेच सुरू करावा, कारण आधीच मार खाल्लेले मासे गुदमरण्यात सर्वांत पहिले असतात.