सूर तोच की नवा? मुरलेल्या रॉक बँडांभोवतीच्या वादाची पार्श्वभूमी

१९८३ मध्ये गेफन रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीने करारात असलेल्या आपल्याच गायकावर, नील यंगवर, ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. कंपनीची तक्रार अशी होती की त्याने दिलेले नवे अल्बम चालणारे नाहीत आणि त्याच्या आधीच्या संगीताशी जुळतही नाहीत. 'ट्रान्स'मध्ये त्याने आवाज व्होकोडरमधून (गळ्याला यंत्राचा सूर देणाऱ्या उपकरणातून) काढला होता, तर 'एव्हरीबडीज रॉकिन'मध्ये थेट १९५० च्या दशकातल्या रॉकबिलीकडे, म्हणजे कंट्री मिसळलेल्या सुरुवातीच्या रॉककडे, वळला होता. पुढे १९८४ च्या अखेरीस गायक जॉन फॉगर्टीचं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे गाणं आलं आणि फँटसी रेकॉर्ड्सने त्याला नेमक्या उलट कारणासाठी कोर्टात खेचलं. त्यानेच १९७० मध्ये क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या आपल्या जुन्या बँडसाठी लिहिलेल्या 'रन थ्रू द जंगल'शी हे गाणं फार मिळतंजुळतं आहे आणि त्या जुन्या गाण्याचे हक्क आपल्याकडे आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. १९८८ मध्ये फॉगर्टी सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात गिटार घेऊन साक्षीला बसला, आपण गाणं कसं बांधतो ते वाजवून दाखवलं आणि ज्यूरीने कौल त्याच्या बाजूने दिला. वकिलांच्या फीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९४ चा तो निकाल कॉपीराइटच्या खटल्यांत आजही पुढे केला जातो. गेफनचं प्रकरण मात्र तडजोडीने मिटलं.

जुन्या बँडने बदलावं की आपला ठरलेला आवाज सांभाळावा, हा वाद चाहत्यांनी घालण्याआधी कंपन्यांनी घातला होता, हे या दोन खटल्यांवरून दिसतं. त्याआधी तो फारसा उद्भवलाच नव्हता. बीटल्सचं पहिलं सिंगल ऑक्टोबर १९६२ चं आणि १९७० मध्ये बँड संपलासुद्धा. जेमतेम आठ वर्षांत त्यांनी तीन-चार वेळा कात टाकली, पण 'मूळ आवाज हरवला' म्हणायला तेव्हा कुणाकडे मूळ आवाज मुरलेलाच नव्हता. १९८० च्या दशकात साठ-सत्तरच्या दशकातले वादक चाळिशीत आले, त्यांचे जुने अल्बम सीडीवर पुन्हा विकले जाऊ लागले आणि १९८९ मध्ये रोलिंग स्टोन्स सात वर्षांच्या खंडानंतर 'स्टील व्हील्स' दौऱ्यावर स्टेडियमं भरू लागले. लोक तिकीट काढतात ते प्रामुख्याने जुन्या गाण्यांसाठी, हे तिथून पुढे सगळ्यांना कळलं.

पण 'ठरलेला आवाज' म्हणजे नेमकं काय? इथे बहुतेक चर्चा ढोबळ राहते. प्रत्येक बँडच्या आवाजात दोन-तीन गोष्टी अशा असतात की त्या काढल्या तर बँड ओळखू येत नाही. बाकी सगळं बदललं तरी चालतं. या गोष्टी बँडागणिक वेगळ्या असतात. त्या ओळखल्याशिवाय बदलाबद्दल मत देण्यात अर्थ नाही.

एसी/डीसीचंच घ्या. १९७३ मध्ये सिडनीत सुरू झालेला हा बँड कधी बदललाच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. त्यांचा गाभा आहे माल्कम यंगची ऱ्हिदम गिटार, म्हणजे ठेका धरणारी साथीची गिटार, आणि ड्रमर फिल रडचा साधा, सरळ चार मात्रांचा ठेका. माल्कमच्या ग्रेच गिटारवर शेवटी एकच पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग) उरला होता. तारा जाड असायच्या, सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची. अँप्लिफायर मोठ्या आवाजात, पण त्याचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची खरखर, लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. ए, डी, जी असे मोकळ्या तारांचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर), आणि दोन कॉर्डांमध्ये पूर्ण शांतता. त्यांची गाणी वाजवणारे नवे बँड इथेच चुकतात. ते गेन, म्हणजे अँप्लिफायरमध्ये शिरणाऱ्या सिग्नलचा जोर, वाढवतात. मग कॉर्डातले वेगळे स्वर एकमेकांत विरघळतात, मधल्या जागा खरखरीने भरतात आणि ठेका लंगडा वाटू लागतो. माल्कमचा धाकटा भाऊ अँगस याच्या लीड गिटारचा आवाज पुष्कळसा एका वायरलेस संचातून यायचा. प्रसारणासाठी सिग्नल आधी दाबून नंतर फुलवण्याची त्यातली यंत्रणा सुरांना टोक आणायची, म्हणून तो संच अँगसने स्टुडिओतही वापरला. २०१४ च्या 'रॉक ऑर बस्ट'साठी त्या जुन्या संचाची नव्याने बनवलेली प्रतिकृती आणली गेली.

इतकं सांभाळूनही हा बँड बदललाच. 'हायवे टू हेल' (१९७९) साठी माल्कम-अँगसचा मोठा भाऊ जॉर्ज यंग आणि हॅरी व्हांडा यांच्या जागी मट लँग निर्माता म्हणून आला. कोरसमधले आवाज नीट बसवले गेले, गाण्यांची बांधणी रेडिओला मानवेल अशी झाली. १९ फेब्रुवारी १९८० ला गायक बॉन स्कॉट गेला आणि पाच महिन्यांत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात, बहामातल्या नासाऊ इथे रेकॉर्ड केलेला 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. निर्माता बदलला, गायक बदलला, पण माल्कमचा उजवा हात तोच राहिला, म्हणून कुणाला परकं वाटलं नाही. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कम थांबला तेव्हा त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंगला घेतलं, आणि २०२० च्या 'पॉवर अप'मधली सगळी गाणी अँगस आणि २०१७ मध्ये निवर्तलेला माल्कम या दोघांच्या नावावर आहेत. आधी साठवलेल्या रिफ, म्हणजे गिटारचे छोटे ओळखीचे तुकडे, तिथे उपयोगी पडल्या.

झीझी टॉपचा गाभा दुसरीकडे होता. १९८३ च्या 'एलिमिनेटर'मध्ये त्यांनी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर आणले, लय मिनिटाला १२० ते १२५ मात्रांवर, म्हणजे नाचायला सोयीची ठेवली. ब्लूज वाजवणाऱ्या बँडसाठी हा मोठाच बदल. तरी अमेरिकेत अल्बमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, कारण बिली गिबन्सची गिटार आणि घोगरा आवाज मशीनच्या वरच राहिला. माल्कमच्या ठेक्याशी असा खेळ केला असता तर एसी/डीसी उरला नसता.

यूटूची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. या आयरिश बँडचा गाभा म्हणजे गिटारवादक एजच्या गिटारवरचा डिले, वाजवलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र. एज अर्ध्या मात्रेचे स्वर वाजवतो आणि डिलेतून प्रत्येक स्वराची आवृत्ती पाऊण मात्रेने येते. ती दोन स्वरांच्या मधल्या जागेत पडते आणि कानाला पाव मात्रेची अखंड सरी ऐकू येते. लय मिनिटाला १२० असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणून डिले ३७५ वर लावायचा. १२६ लय असेल तर ३५७. डिले जुन्याच आकड्यावर राहिला आणि लय चढली, तर पहिली आवृत्ती १८ मिलिसेकंद मागे, दुसरी ३६, असं करत सगळं विस्कटतं. त्यामुळे या शैलीत ड्रमरला कानात क्लिक (ठरलेल्या लयीची टकटक) घेऊन वाजवणं जवळपास सक्तीचं होतं. 'द जोशुआ ट्री' (१९८७) या पायावर उभा आहे.

ऑक्टोबर १९९० मध्ये हे चौघे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. गायक बोनो आणि एजला नाचाच्या संगीताकडे, यंत्रांकडे जायचं होतं. बेस वाजवणारा अ‍ॅडम क्लेटन आणि ड्रमर लॅरी मलन साशंक होते. बँड फुटायची वेळ आली होती. दुसऱ्याच एका गाण्यासाठीचे कॉर्ड चाचपताना 'वन' हाती लागलं आणि कोंडी सुटली. पुढचं काम डब्लिनमध्ये झालं. 'अख्तुंग बेबी' नोव्हेंबर १९९१ मध्ये आला, म्हणजे सुरुवातीपासून वर्षभराने. गिटार करकरीत झाली, आवाजावर प्रक्रिया झाली, पण मलनचे ड्रम आणि एजची ती सरी खाली चालूच होती.

सहा वर्षांनी 'पॉप'च्या वेळी हेच गणित फसलं, आणि ते का फसलं हे बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. दोष इलेक्ट्रॉनिक संगीताला दिला जातो. खरी अडचण वेळेची होती. मलनच्या पाठीच्या दुखण्यामुळे सुरुवातीचं काम ड्रमरशिवाय, लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे रेकॉर्ड केलेले ठेके) लावून झालं. तो परतल्यावर त्याच गाण्यांवर जिवंत ड्रम बसवायचे होते, आणि लूपभोवती रचलेलं गाणं माणसाच्या ठेक्यावर आणायला पुन्हा बांधावं लागतं. तेवढ्यात मॅनेजरने दौरा ठरवून टाकला: २५ एप्रिल १९९७, लास वेगास. अल्बम मार्चमध्ये काढावाच लागला, मिक्सिंग शेवटच्या घटकेपर्यंत चाललं आणि दौऱ्याच्या तालमी आखूड पडल्या. बँडने यातली काही गाणी पुढे सिंगलसाठी आणि २००२ च्या संकलनासाठी पुन्हा मिक्स केली. काम अर्धवट राहिल्याची ती कबुलीच होती. २००० च्या अल्बममध्ये ते पुन्हा ओळखीच्या गिटारकडे आले. १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांनी 'द जोशुआ ट्री' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. भारतातला त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम, आणि केंद्रस्थानी ३२ वर्षांपूर्वीचा अल्बम.

मेटॅलिकावर या वादातली सगळ्यात कडवट भांडणं झाली. 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) चं शीर्षकगीत साडेआठ मिनिटांचं, मिनिटाला साधारण २१२ मात्रांचं. गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्ड त्यात प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी चकती) फक्त खालच्या दिशेने मारतो, वेगवान भागात सेकंदाला सुमारे सात वेळा. वर-खाली मारलं तर हाताला सोपं, पण प्रत्येक स्वराचा जोर एकसारखा राहत नाही आणि तो करवतीसारखा आवाज जातो. १९९१ च्या काळ्या वेष्टनाच्या अल्बममध्ये निर्माता बॉब रॉकने लय खाली आणली ('एंटर सँडमन' सुमारे १२३), गाणी आखूड केली, चौघांना एकत्र वाजवायला लावलं आणि लगतच्या आधीच्या, १९८८ च्या, अल्बममध्ये जवळजवळ ऐकूच न येणारा बेस वर आणला. 'पैशासाठी विकले गेले' म्हणून बँडला शिव्या बसल्या. पण हेटफिल्डचा हात तोच होता, आणि आज ही गाणी कुणालाच परकी वाटत नाहीत.

२००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये मात्र त्यांनी गाभ्यालाच हात घातला. ड्रमर लार्स उलरिकने स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्या. त्या तारांमुळे एरवी स्नेअरला छोटा, कोरडा कडाका मिळतो. त्या सोडल्या की कातडं आणि पिंप यांचा लांबणारा टणत्कार उरतो, आणि दर ठोक्याला तो गिटारच्या आड येतो. गिटारच्या तारांचं ट्यूनिंग खाली सी पर्यंत गेलं, लीड गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो पूर्ण काढून टाकले, गाणी तासन् तास वाजवलेल्या तुकड्यांची संगणकावर कापाकापी करून जोडली. तो प्रयोग प्रामाणिक होता, बँड मोडायला आलेला असताना केलेला होता, आणि शीर्षकगीताला ग्रॅमीही मिळालं. पण कार्यक्रमांतून ती गाणी लवकरच मागे पडली.

जुन्या आवाजाकडे परतणंही सरळ नसतं. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'साठी निर्माता रिक रुबिनने त्यांना 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या काळात असल्यासारखा विचार करायला सांगितलं. सोलो परतले, वेग परतला. पण अंतिम मिक्स इतका जोरात दाबला होता की शिखरं कापली जाऊन फुटका आवाज येत होता. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी दिलेले ट्रॅक इतके दाबलेले नव्हते, त्यामुळे चाहत्यांना फरक लगेच कळला आणि अल्बम पुन्हा मिक्स करावा म्हणून अर्ज फिरला. रचना जुन्या काळच्या आणि मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचं शेवटचं संस्करण) २००८ च्या, प्रत्येक अल्बम दुसऱ्यापेक्षा मोठ्याने वाजवण्याच्या आवाजस्पर्धेचं, असा तो पेच.

आणि एक बदल असा आहे की जो कुणी ठरवून करत नाही. गायकाचं वय वाढतं, वरचे सूर जातात, मग पट्टी उतरवावी लागते. मेटॅलिका गेली तीसेक वर्षं मैफलीत बहुतेक गाणी अर्ध्या स्वराने खाली वाजवतो. इथे दोन मार्ग असतात: बोटं दुसऱ्या जागी नेऊन नवी पट्टी पकडणं किंवा गिटारच्याच तारा उतरवणं. रॉकमध्ये दुसराच मार्ग निवडला जातो, कारण पहिल्यात मोकळ्या तारांचे कॉर्ड जातात आणि त्यांच्याबरोबर ओळखही. तार अर्धा स्वर उतरवली की तिचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्वर उतरवली की २१ टक्के. सैल तार फ्रेटवर खडखडते आणि जोरात मारल्यावर क्षणभर सूर चढतो. म्हणून ०.०१० च्या जागी ०.०११ चा संच चढवतात, गिटारची मान मागे झुकली असेल तर तिच्यातला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) सैल करतात आणि ब्रिजवर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागणं) पुन्हा लावतात. हे सगळं केलं तरी गाणं किंचित जड, काळोखं होतंच. हा बदल नको म्हणणाऱ्या चाहत्याने गायकाकडून विशीतला गळा मागितल्यासारखं होईल. ते अन्यायाचं आहे.

मुंबईतलं उदाहरण याच्याशी ताडून पाहण्यासारखं आहे. १९८४ मध्ये सुरू झालेला रॉक मशीन, म्हणजे उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि साथीदारांचा बँड, अमेरिकी धाटणीचा हार्ड रॉक वाजवायचा. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९९७ मध्ये थांबले, २०१० मध्ये परतले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला. गाणी लांब, प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकणारी. जुन्या गाण्यांवर स्टेडियमं भरण्याचं ओझं त्यांच्यावर नव्हतं, म्हणून हे वळण घेणं त्यांना मोकळेपणाने जमलं.

ते ओझं असलेल्यांना कार्यक्रमाच्या आखणीतूनच वाट काढावी लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'एम७२' दौऱ्यात मेटॅलिकाने बहुतेक शहरांत दोन-दोन रात्री घेतल्या आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं घेतलं नाही. रिंगणासारख्या मंचावर ड्रमचे चार संच ठेवले, म्हणजे उलरिक कार्यक्रमभर जागा बदलत राहील आणि कुठल्याच बाजूचे प्रेक्षक कायम पाठीमागे पडणार नाहीत. एकाच रात्री सगळी गाजलेली गाणी उरकायची सक्ती नसल्यामुळे 'सेव्हेंटी टू सीझन्स' या नव्या अल्बमला दोन्ही रात्री जागा मिळाली. यासाठी बँडला दुपटीहून जास्त गाणी तयार ठेवावी लागतात आणि गिटारची ट्यूनिंगंही जास्त सांभाळावी लागतात. तेवढा तंत्रज्ञांचा ताफा परवडणारे बँड थोडेच आहेत.