विद्यार्थ्याचा आत्मविश्वास आणि नेतृत्व

आत्मविश्वास म्हणजे समोरचं काम आपल्याला जमेल हा स्वतःबद्दलचा भरवसा. बोलताना मात्र आपण हा शब्द फार सैल वापरतो, म्हणजे जो वर्गात सगळ्यात आधी हात वर करतो तो कॉन्फिडंट आणि जो मागे गप्प बसतो तो बिचारा. प्रत्यक्षात गप्प बसणाऱ्याला गणिताचा पेपर द्या, त्याचा हात जराही थरथरत नाही, आणि हात वर करणाऱ्याला त्याच पेपरला घाम फुटतो. तेव्हा इथे तीन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात: चारचौघांत न घाबरता बोलता येणं म्हणजे सभाधीटपणा, स्वतःची किंमत वाटणं म्हणजे आत्मसन्मान, आणि अमुक एक काम मी करू शकतो ही खात्री, जिला मानसशास्त्रात स्व-क्षमता म्हणतात. अभ्यासात आणि पुढे लोकांना सोबत घेऊन काम करताना खरा उपयोग होतो तो या तिसरीचा.

स्व-क्षमतेची कल्पना अल्बर्ट बॅंड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडली. ही खात्री चार ठिकाणांहून येते असं त्याचं म्हणणं: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते काम करताना बघणं, भरवशाच्या माणसाचा शब्द, आणि त्या वेळी शरीर-मन कसं आहे ते. यात पहिलं सगळ्यात जड. बॅंड्युराच्या प्रयोगांमध्ये सापाला प्रचंड घाबरणारी माणसं होती, त्यांना एकेक पायरी करत सापाजवळ नेलं, शेवटी हातात घ्यायला लावलं, आणि ज्यांनी स्वतः हात लावला त्यांची खात्री नुसतं दुसऱ्याला बघणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. अजून एक गोष्ट तो सांगतो जी सहसा सुटून जाते, ती म्हणजे सोपं यश मिळत गेलं की माणूस पहिल्याच अपयशाला गळपटतो, थोडं अडखळून, चुकून मिळालेलं यश जास्त टिकतं. म्हणून मुलाला कायम जमेल तेवढंच द्यायचं हे प्रेमापोटी केलं तरी नुकसानच, आणि एकदम खोल पाण्यात ढकलायचं हेही नाही, कारण तिथे नाकातोंडात पाणी गेलं की तो परत काठावर येतच नाही.

नुसत्या कौतुकाने काय होतं याचा एक मोठा किस्साच आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 1986 मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी समिती नेमली, मुलांना स्वतःबद्दल छान वाटलं की अभ्यास सुधारेल, बाकीचे सामाजिक प्रश्नही कमी होतील अशी आशा होती. पुढे 2003 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं तर चित्र बरंचसं उलटं निघालं, आत्मसन्मान वाढवल्याने मार्क वाढतात असं दिसेना, उलट चांगली कामगिरी झाली की आत्मसन्मान थोडा वाढतो असं दिसलं. थोडक्यात हरभऱ्याच्या झाडावर चढवून उंची वाढत नाही. शिक्षकाचा किंवा आईवडिलांचा शब्द उपयोगी पडतोच, पण "तू हुशार आहेस" पेक्षा "दुसऱ्या पायरीपर्यंत बरोबर आहे, चूक तिसऱ्या पायरीत आहे" हे वाक्य कितीतरी जास्त धीर देतं.

खोटा आत्मविश्वास हाही विद्यार्थ्यांचा जुना आजार. धडा चारदा वाचला की तो ओळखीचा वाटायला लागतो, आणि ओळखीचा म्हणजे येतोच असं आपण धरून चालतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या लक्षात जास्त राहील असं वाटत होतं, आठवड्याने मात्र त्यांना 40 टक्के आठवलं आणि एकदा वाचून मग पुस्तक मिटून तीनदा आठवून बघणाऱ्यांना 61 टक्के. पुस्तक मिटल्यावर आधी वाईटच वाटतं, काहीच येत नाही असं वाटतं, पण त्या वाईट वाटण्यातूनच पुढची पक्की खात्री तयार होते.

आता भीती. बोलायला उभं राहिलं की तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, आणि आपल्याला वाटतं सगळ्यांना हे दिसतंय. 2000 मध्ये छापलेल्या थॉमस गिलोविच यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांचा अंदाज होता की जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, पाहिला होता साधारण पाव लोकांनी. धडधड दाबायचा प्रयत्न करण्यापेक्षा "मी एक्साइट झालोय" असं स्वतःला सांगून बोलायला उभं राहिलेल्यांचं भाषण जास्त चांगलं झालं असं 2014 च्या एका अभ्यासात दिसलं. छाती काढून दोन मिनिटं उभं राहा वगैरे पॉवर पोजची जी लाट 2010 नंतर आली होती, तिचे हार्मोनबद्दलचे दावे पुढच्या मोठ्या प्रयोगांत टिकले नाहीत. भीड चेपते ती बोलून बोलून, आधी दोघांसमोर, मग दहा जणांसमोर.

हुशार मुलांची वेगळीच अडचण असते. पहिला नंबर येऊनही "हे नशिबाने झालं, एक दिवस मी उघडा पडणार" असं वाटत राहणं, याला इम्पोस्टर सिंड्रोम, म्हणजे स्वतःलाच तोतया समजणं, म्हणतात, 1978 मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी यशस्वी स्त्रियांमध्ये याचं पहिलं वर्णन केलं.

नेतृत्वाकडे आलं की गोष्ट जरा अवघड होते, कारण ग्रुपमध्ये जो ठासून बोलतो त्यालाच लोक जाणकार समजतात, तो चुकीचं बोलत असला तरी. डनिंग आणि क्रूगर यांच्या 1999 च्या अभ्यासात चाचणीत तळाला असलेले विद्यार्थी स्वतःला सरासरीच्या वर समजत होते. उसना आवेश पहिल्या मीटिंगला खपतो, प्रोजेक्ट अडकला की उघडा पडतो. एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये दाखवलं की ज्या टीममध्ये चूक कबूल करायला आणि प्रश्न विचारायला भीती वाटत नाही ती टीम जास्त शिकते, आणि ही भीती घालवायची तर म्होरक्याला आधी स्वतः "हे मला येत नाही, कुणाला येतं?" असं म्हणता आलं पाहिजे. हे म्हणायला माझ्या मते भाषण ठोकण्यापेक्षा जास्त आत्मविश्वास लागतो. शिकण्याच्या वयात याची प्रॅक्टिस छोट्या कामातून होते, म्हणजे ग्रुप प्रोजेक्टची कामं वाटणं, लेट करणाऱ्या मित्राला न दुखावता टोकणं, ठरवलेलं फसलं तर "हे मी ठरवलं होतं" म्हणणं.

आत्मविश्वास मोजायचा असेल तर "मी कॉन्फिडंट आहे का" हा प्रश्न काही कामाचा नाही. बॅंड्युराची पद्धत अशी की नेमकं काम घ्यायचं आणि ते जमेल याची खात्री 0 ते 100 मध्ये लिहायची. परीक्षेआधी प्रत्येक धड्यासमोर असा आकडा लिहून ठेवला आणि निकालानंतर शेजारी मिळालेले मार्क टाकले, की कुठे आपण उगाच घाबरलो आणि कुठे फुशारकी मारली ते एका पानावर दिसतं, टीमच्या कामाच्या तारखांनाही हेच करता येतं.