९८ची जुळणी म्हणजे ९८ टक्के शुद्धता नव्हे

एफटीआयआर म्हणजे नमुना कोणता अवरक्त प्रकाश शोषतो ते मोजून पदार्थ ओळखणारं उपकरण. त्याच्या सॉफ्टवेअरने ‘पॉलिइथिलीन, ९८’ असं दाखवलं की नमुना ९८ टक्के शुद्ध, ही समजूत फार जुनी आणि चुकीची आहे. तो आकडा फक्त नमुना आणि लायब्ररीतला संदर्भ यांच्या वर्णपटांच्या (शोषणाच्या आलेखांच्या) आकारातलं साम्य सांगतो; वजनाशी त्याचा काहीही संबंध नाही. मीठ मध्य-अवरक्त पट्ट्यात शोषणच करत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकमध्ये ते भरपूर मिसळलं तरी आकडा उंचच राहू शकतो. एक-दोन टक्क्यांचं अ‍ॅडिटिव्ह तर बहुधा शोषणाच्या मुख्य पट्ट्यांखाली दबून जातं.

एटीआरमध्ये, म्हणजे नमुना स्फटिकावर दाबून मोजण्याच्या पद्धतीत, किरण नमुन्यात जेमतेम ०.५ ते २ मायक्रोमीटर शिरतो. म्हणजे वरचं तेल मोजलं जाईल आणि आतला पदार्थ राहून जाईल. म्हणून नमुना कापून ताजा पृष्ठभाग स्फटिकावर दाबा. त्याआधी स्फटिक आयसोप्रोपॅनॉलने पुसून पूर्ण वाळू द्या, मगच बॅकग्राउंड (नमुन्याशिवायचं मोजमाप) घ्या. ४ सेमी⁻¹ विभेदन (जवळचे पट्टे वेगळे दाखवण्याची क्षमता) आणि ३२ स्कॅन बहुतेक कामांना पुरतात. लायब्ररी ट्रान्समिशनची (किरण नमुन्यातून आरपार पाठवून घेतलेली) असेल तर एटीआर करेक्शन लावा, नाहीतर कमी तरंगसंख्येकडचे पट्टे फुगलेले दिसतात.

यानंतर आकडा बाजूला ठेवून दोन्ही वर्णपट एकावर एक ठेवा. संदर्भात नसलेला एकही पट्टा सोडू नका: १४२० सेमी⁻¹ जवळ रुंद आणि ८७५ला टोकदार पट्टा दिसला तर कॅल्शियम कार्बोनेटचा संशय घ्या. २३५० जवळची जोडी मात्र बहुधा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची असते.

नायलॉन ६ आणि ६६ यांचे वर्णपट इतके सारखे असतात, की तिथे डीएससीच (नमुना तापवून वितळणबिंदू मोजणारं तंत्र) हवं: पहिलं साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं, दुसरं २६० च्या आसपास.