एकोणीस सरळ आणि एक वाकडी

उंदराच्या वृषणातली एक पेशी काचेवर पसरायची, गुणसूत्रांच्या कण्यातल्या 'एसवायसीपी३' या प्रथिनाला चमकता रंग लावायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. १९ लखलखत्या दोऱ्या अगदी मोजता येतात. प्रत्येक दोरी म्हणजे आईकडचं एक आणि बापाकडचं एक गुणसूत्र, टोकापासून टोकापर्यंत चिकटलेलं. विसावी जोडी, एक्स आणि वाय, मात्र कोपऱ्यात वाकडीतिकडी पडलेली असते.

शुक्राणू आणि अंडपेशी ज्यातून बनतात त्या अर्धसूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार गाठावा लागतो. त्यासाठी पेशी चक्क स्वतःच्या डीएनएचे दोनशेहून जास्त ठिकाणी तुकडे पाडते! तुटलेली टोकं जोडीदारावर आपल्यासारखाच मजकूर शोधतात, तो सापडला की दोघं जवळ येतात आणि मग चेन लावावी तशी जोडी मिटत जाते. गुणसूत्रांच्या तुकड्यांची प्रत्यक्ष अदलाबदल होते ती मात्र यातल्या साधारण दहातल्या एका जागी.

मादीत हे सगळं ती आईच्या पोटात असतानाच उरकतं. नरात ते जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि पुढे चालूच राहतं.

मादीचे दोन एक्स पूर्ण जुळतात. नराची पंचाईत अशी, की एक्सच्या डीएनएच्या सुमारे १७ कोटी अक्षरांपैकी जेमतेम सात लाख वायशी जुळतात. तेवढ्याशा टोकावर जोडी टिकवायची. न जुळलेला बाकीचा भाग पेशी गप्प करून टाकते, आणि ते हवंच असतं, कारण वायवरची काही जनुकं त्या वेळी बोलू लागली तर पेशी मरते. आता इतर गुणसूत्रंही जुळली नाहीत तर गप्प करणारी यंत्रणा तिकडे विखुरते, वाय मोकळा सुटतो आणि शुक्राणू होण्याआधीच खेळ संपतो.

मादीत वायच नाही, त्यामुळे हा फास नाही. सदोष अंडपेशी तिथेही मारल्या जातात, पण चाळणीची भोकं मोठी. वर रंगवलेलं एसवायसीपी३ मुळातच नसलेले उंदीर बघा: नर पूर्ण वांझ. मादीला पिल्लं होतात, पण कमी, कारण गुणसूत्रांची संख्या चुकलेले बरेच गर्भ पोटातच मरतात. एकच एक्स असलेल्या मादीलाही, म्हणजे जिथे जोडीदारच नाही, पिल्लं होतात. फक्त तिचा अंडपेशींचा साठा लवकर आटतो.